काय हवं आहे, हे कुणाला विचारायचं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते सर शाळेत भूमिती शिकवायचे. सिद्धता चोख असली, पण वर ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहिलेलं नसलं, तर ते निम्मे गुण कापायचे, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. मी सरांचा विद्यार्थी नाही. पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात आयुष्य काढल्यावर मला वाटतं, सरांचा लाल पेन आमच्याकडे आला असता तर भल्याभल्या प्रकल्पांचे गुण कापले गेले असते. आम्ही सिद्धतेत तरबेज, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्यात. साध्य आम्ही घाईघाईत उरकतो. आणि पक्ष, म्हणजे आपण काय काय गृहीत धरून चाललो आहोत ते, बहुतेक वेळा लिहीतच नाही.

या साध्य-पक्षाच्या कामाला आमच्याकडे ‘रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम सांगायला सोपं. सॉफ्टवेअर कुणाला, कशासाठी, कोणत्या परिस्थितीत हवं आहे ते शोधायचं. दहा जण दहा गोष्टी मागतात, त्यांचा मेळ घालायचा. दोघांनी वाचलं तर दोन अर्थ निघणार नाहीत असं लिहायचं. लिहिलेलं बरोबर आहे का हे, ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. आणि पुढे मागण्या बदलत राहतात, त्या बदलांचा हिशेब ठेवायचा. पाठ्यपुस्तकात या प्रत्येकाचं एकेक प्रकरण असतं. हिंजवडीत किंवा ऐरोलीत ज्यांची मुलं ‘बीए’, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहेत, त्यांनी घरी ‘साइन-ऑफ’, ‘यूएटी’, ‘चेंज रिक्वेस्ट’ हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकले असतील. ते सगळं यातलंच. त्या पायऱ्या मी आज चढत बसणार नाही. त्यापेक्षा एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. ते लंडनचं आहे आणि जुनं आहे. आमच्या क्षेत्रात अजून शिकवलं जातं.

१९९२ सालची लंडन अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिस. सुमारे ६०० चौरस मैलांचा टापू, ६८ लाख रहिवासी. दिवसाला २,००० ते २,५०० फोन, त्यातले १,३०० ते १,६०० तातडीचे. आपल्याकडे १०८, तसा तिकडे ९९९. वॉटर्लूच्या नियंत्रण कक्षात हे सगळं कागदावर चालायचं. फोन घेणारा छापील फॉर्मवर पत्ता आणि तक्रार लिहून घेई, नकाशाच्या जाडजूड पुस्तकात ती जागा शोधून निर्देशांक टिपी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर टाकी. पट्टा एका टेबलाशी येऊन पोचे. तिथली व्यक्ती फॉर्म उचलून शहराच्या तीन विभागांपैकी कुठे पाठवायचा ते ठरवी. विभागातला माणूस कोणती गाडी मोकळी आहे ते पाहून तिचं नाव घाली. मग गाडी ठाण्यावर असेल तर फोन, रस्त्यावर असेल तर रेडिओ. हे सगळं तीन मिनिटांत उरकावं अशी अपेक्षा.

ही पद्धत जुनाट होती यात वाद नाही. नकाशात जागा शोधण्यात वेळ जाई. ‘मघाशी फोन केला होता, गाडी अजून आली नाही’ असा पुन्हा फोन आला, की कुणीतरी खुर्चीवरून उठून विभागाच्या टेबलाशी जाऊन चौकशी करायची. संगणक आणावा असं वाटणं अगदी रास्त होतं.

पण पट्ट्याच्या टोकाशी बसलेल्या त्या व्यक्तीकडे जरा नीट पाहा. समजा, एका पुलाजवळ मोटारींची टक्कर झाली. चार वाटसरू चार फोन करतात. एक सांगतो पुलाखाली, दुसरा सांगतो पबसमोर, तिसरा स्टेशनच्या मागे, आणि चौथ्याला रस्त्याचं नावच आठवत नाही. चार फॉर्म पट्ट्यावरून येतात. ती व्यक्ती चारही वाचते, एकावर एक ठेवते, तीन फॉर्मांवर फुली मारते आणि एकच पुढे सरकवते. तिला तुम्ही विचारलंत, ‘तुमचं काम काय?’ तर ती म्हणेल, ‘फॉर्म विभागवार लावते.’ तीच खरी गोष्ट ती सांगणार नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आपण ती करतो हे तिच्याही लक्षात नसतं. एकाच घटनेचे दुहेरी-तिहेरी फोन ओळखणं हे त्या जुन्या पद्धतीत माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि अंदाजावर सोपवलेलं काम होतं. ते चालत होतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं.

नव्या यंत्रणेचा मसुदा फेब्रुवारी १९९१ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीचा एक प्रयत्न ७५ लाख पौंड खर्चून १९९० साली सोडून दिलेला होता. तुम्हाला वाटेल, मसुदा मोघम असणार. अजिबात नाही. तो कमालीचा तपशीलवार होता, इतका की पुरवठादाराला स्वतःची कल्पना लढवायला फारशी जागाच उरली नाही, असं पुढे चौकशी समितीने नोंदवलं. तपशील भरपूर होते, पण ते व्यवस्थापनाच्या टेबलावरून दिसणारे. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना मसुद्याच्या कामात जवळपास सहभागीच करून घेतलं नव्हतं. त्यालाही इतिहास आहे. १९८९-९० मध्ये पगारावरून रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा देशव्यापी लढा झाला होता. व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात विश्वास असा उरलाच नव्हता, आणि नवी यंत्रणा आली की जुन्या सवयी आपोआप मोडतील असा वरच्यांचा हिशेब होता. आमच्या पुस्तकांत ‘सर्व संबंधितांशी चर्चा करावी’ असं एक साळसूद वाक्य असतं. संबंधित एकमेकांशी बोलत नसतील तर काय करावं, याबद्दल पुस्तकं गप्प असतात.

पैशांचं थोडक्यात सांगतो. बाहेरच्या सल्लागारांनी आधी सुचवलं होतं की बाजारात तयार पॅकेज मिळालं तरी १५ लाख पौंड आणि १९ महिने धरा. कंत्राट झालं ९ लाख ३७ हजार पौंडांना. मुदत ८ जानेवारी १९९२, आणि ती हलणार नाही असं बजावलेलं. ती हललीच. पण आजच्या विषयाला महत्त्वाचा आहे तो या मसुद्याचा पक्ष. प्रत्येक गाडी कुठे आहे हे यंत्राला कायम अचूक कळेल. गाडीवरची माणसं ‘निघालो’, ‘पोचलो’, ‘मोकळे झालो’ ही बटणं दर वेळी, त्याच क्रमाने दाबतील. नेमून दिलेल्या गाडीऐवजी ती दुसरी गाडी घेऊन जाणार नाहीत. रेडिओचा संदेश शहराच्या प्रत्येक कोपऱ्यातून पोचेल. ही चार विधानं खरी असतील तरच जवळची मोकळी गाडी यंत्र बरोबर निवडणार होतं. एका हाताने रुग्णाच्या छातीवर दाब देणारा माणूस दुसऱ्या हाताने बटण दाबेल का, हा प्रश्न त्या माणसाच्या परस्पर बाकी सगळ्यांनी ठरवला होता.

सोमवार, २६ ऑक्टोबर १९९२. त्या दिवशी यंत्रणा संपूर्ण लंडनसाठी एकदम सुरू केली. तीन विभागांची वाटणी मोडली, कक्षातली बसण्याची जागा बदलली आणि कागद काढून टाकला. म्हणजे वर्षानुवर्षं शेजारी बसणारे लोक वेगवेगळ्या टेबलांवर गेले आणि पट्ट्याच्या टोकाची ती जागाच उरली नाही.

मग जे झालं ते पायरीपायरीने झालं. काही बटणं दाबली गेली नाहीत, काही चुकीच्या क्रमाने दाबली गेली, काही संदेश रेडिओच्या अंध जागांत हरवले. त्यामुळे काही गाड्या यंत्राला दिसेनात, काही भलत्याच ठिकाणी दिसू लागल्या. यंत्र लांबची गाडी पाठवू लागलं, कधी एकाच ठिकाणी दोन गाड्या. जे जुळत नाही त्याची सूचना यंत्र पडद्यावर टाकी. सूचनांची यादी वाढली, नवी ओळ आली की जुनी वर सरके आणि पडद्याबाहेर जाई. दिसेनाशी झालेली सूचना कुणी हाताळली नाही की तिच्यामुळे आणखी सूचना. इकडे गाडीची वाट पाहणारे लोक पुन्हा फोन करू लागले. ते फोन ओळखून बाजूला काढणारं कुणी नव्हतं, आणि नव्या फोनांची रांग लांबत गेली. गाडीवरची माणसं आपल्या ठाण्यापासून लांब, अनोळखी भागांत फिरत राहिली. ती वैतागली आणि बटणांकडे आणखी दुर्लक्ष झालं. २७ तारखेला दुपारी अर्धं काम पुन्हा माणसांच्या हाती द्यावं लागलं. २८ ला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, यंत्रणा मंदावत मंदावत पूर्ण थांबली आणि कक्ष कागद-पेन्सिलीवर परत आला.

४ नोव्हेंबरचं कारण सापडलं. एका प्रोग्रॅमरने काही आठवड्यांपूर्वी एक दुरुस्ती करताना थोडासा कोड मागे ठेवला होता. दर वेळी गाडी पाठवताना तो संगणकाची थोडी स्मृती अडवून ठेवी आणि सोडत नसे. पण २६ आणि २७ ऑक्टोबरचं काय? फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यातला निष्कर्ष असा की या दोन दिवशी संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता. प्रतिसाद कधीकधी फार मंद होता, पण एकूणात यंत्रणेने तेच केलं ज्यासाठी तिची रचना झाली होती. रचनेतच घातक दोष होते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. ४ नोव्हेंबरची चूक कोड उघडून सापडली. २६ ऑक्टोबरची चूक कोडमध्ये नव्हतीच. ती फेब्रुवारी १९९१ च्या कागदात होती.

या विचाराला नीट मांडणी दिली ती मायकेल जॅक्सन आणि पामेला झेव्ह यांनी, १९९० च्या दशकात. जॅक्सन म्हणजे गाणारे नव्हेत, ब्रिटिश संगणकतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं साधारण असं: आपल्याला जे हवं असतं ते यंत्रात नसतं, बाहेरच्या जगात असतं. रुग्णापाशी गाडी पोचायला हवी, हे जगाबद्दलचं विधान झालं. यंत्राला कळतात फक्त बटणं, आकडे, संदेश. या दोहोंना जोडतात ती जगाबद्दलची गृहीतकं. सरांच्या भाषेत, गृहीतकं हा पक्ष, जगातली गरज हे साध्य, आणि यंत्राने पाळायचे नियम वापरून एकावरून दुसऱ्यापर्यंत जाता आलं पाहिजे. पक्ष खोटा असेल तर निर्दोष यंत्रसुद्धा साध्यापर्यंत पोचत नाही.

हा पक्ष किती बारीक असतो पाहा. १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तान्साचं एक एअरबस ए-३२० पावसात वॉर्सा विमानतळावर उतरलं. जमिनीवर टेकल्याशिवाय इंजिनाचा उलटा जोर आणि पंखांवरच्या झडपा चालू होऊ नयेत, अशी त्या विमानात व्यवस्था होती. ही भीती पोकळ नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, मे १९९१ मध्ये, लाउडा एअरच्या विमानात थायलंडवर उडताना हवेतच उलटा जोर सुरू झाला आणि २२३ माणसं गेली. तेव्हा ‘जमिनीवर असेल तरच’ ही गरज शंभर टक्के बरोबर. पण यंत्राला जमीन दिसत नाही. त्याला दोन्ही बाजूंच्या चाकांच्या दांड्यांवर किती भार आला आणि चाकं किती वेगाने फिरताहेत एवढंच कळतं. वॉर्साला वाऱ्याच्या अंदाजाने वैमानिकांनी विमान किंचित कलतं आणलं. उजवं चाक आधी टेकलं, डावं सुमारे नऊ सेकंदांनी. धावपट्टीवर पाणी होतं, त्यावर चाकं घसरली, हवी तशी फिरेनात. विमान जमिनीवर होतं आणि यंत्राच्या लेखी नव्हतं. धावपट्टी संपली आणि दोन माणसं मेली. वैमानिकांचे अंदाज, वारा, वेग असे इतर धागेही त्यात होते. पण ‘भार आला, चाकं फिरली म्हणजे जमीन’ हे समीकरण ओल्या धावपट्टीवर कुणी उभं राहून तपासलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

परदेशातली उदाहरणं सांगून मी मोकळा होणार नाही. आमच्याकडे एका सहकारी बँकेचं काम होतं. क्लिअरिंगला आलेला चेक, खात्यात शिल्लक कमी, तर काय करायचं? शाखाधिकाऱ्यांनी केबिनमध्ये एका वाक्यात सांगितलं: परत पाठवायचा, दंड लावायचा. मसुद्यात तसंच उतरलं. बाहेर काउंटरमागे मी एक दिवस बसलो. क्लार्कबाई चेकचा गठ्ठा चाळत होत्या. तीन चेक त्यांनी वेगळे काढून पेपरवेटखाली ठेवले आणि फोन उचलला. ‘काका, तुमचा चेक आलाय, अकराशे कमी पडताहेत, दोनच्या आत कुणाला तरी पाठवा.’ दुपारी एकाचा मुलगा पैसे भरून गेला. दुसऱ्याचे आले नाहीत, चेक परत गेला. तिसरा चेक कुणाचा होता ते बाईंनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता हा फोन मसुद्यात घ्यायचा की नाही? घाईने ‘हो’ म्हणू नका. त्यातला काही भाग माणुसकी आहे, काही गिऱ्हाईक राखण्याची युक्ती, आणि काही भाग ओळखीच्यांना दिलेली सवलत, जी ऑडिटरला आवडणार नाही. कामाच्या जागी जे जे दिसतं ते सगळं पवित्र नसतं. लंडनमध्येही मोडायला हव्यात अशा काही सवयी होत्याच. पण ठेवायचं की मोडायचं हे ठरवण्यासाठी ते आधी दिसावं लागतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार बँकेचा, माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बीएचा नाही. आम्ही फार तर ते टेबलावर आणून ठेवायचं. न आणता नियम कोडमध्ये घातला, तर फोनची प्रथा कुणी निर्णय न घेताच संपते, आणि खातेदाराला सांगितलं जातं, ‘काय करणार काका, कॉम्प्युटर ऐकत नाही.’

आमच्या धंद्याला मसुद्यांचे ठरलेले साचे आहेत. आयईईई ८३० नावाचं एक मानक होतं, १९८४ चं, पुढे १९९८ मध्ये सुधारलेलं. त्यात गृहीतकांसाठी स्वतंत्र कलम होतं. म्हणजे पक्ष लिहा असं आम्हाला कुणी सांगितलं नाही, अशी सबब नाही. प्रत्यक्षात त्या कलमात काय लिहिलेलं असतं ते सांगतो: ‘ग्राहक सर्व्हर वेळेवर देईल.’ ‘ग्राहक प्रतिनिधी बैठकीला हजर राहतील.’ ही वकिली तटबंदी झाली, उशीर झाला तर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. बटणं दाबली जातील का, धावपट्टी ओली असेल तर काय, असल्या ओळी मी त्या कलमात क्वचितच पाहिल्या.

मसुद्यांच्या जाडीला कंटाळून २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जण जमले आणि ‘अजाइल’चा जाहीरनामा निघाला. कागद कमी, संवाद जास्त; थोडं करा, दाखवा, सुधारा. मला ही दिशा पसंत आहे. पण आपल्याकडे ती उतरली कशी? दोनशे पानांच्या ग्रंथाऐवजी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या आल्या आणि सगळ्या वापरणाऱ्यांच्या वतीने बोलायला एक ‘प्रॉडक्ट ओनर’ नेमला गेला. तो बहुधा साहेब असतो. काउंटरवरच्या बाई पूर्वी मसुद्यात नव्हत्या, आता चिठ्ठीवर नाहीत. त्यात पुण्यातल्या मुलांचं आणखी एक दुखणं: ज्याचं काम आहे तो न्यू जर्सीत, त्याचं ऐकणारा तिथल्या आयटी विभागात, त्याच्याकडून समजून घेणारा आमचा ऑनसाइट माणूस, आणि त्याच्याकडून रात्री नऊच्या कॉलवर ऐकून लिहिणारी मुलगी हिंजवडीत. इतक्या तोंडांतून आलेली गरज शेवटी जशीच्या तशी राहिली, तर तो योगायोग समजायचा.

एका आकड्याबद्दल बोलून घेतो, कारण तो प्रत्येक प्रशिक्षणात फेकला जातो: मागणीतली चूक शेवटी दुरुस्त केली तर शंभरपट खर्च येतो. बॅरी बोहम यांच्या १९८१ च्या पुस्तकातून तो आला. पण शंभरपट ही मोठ्या प्रकल्पांची गोष्ट होती. लहान प्रकल्पांत फरक साधारण चौपटीच्या घरात येतो, हेही बोहम यांनीच दाखवलं होतं. स्लाइडवर मात्र शंभरच उरतो. खर्च वाढतो हे खरं. पण साहेबाला घाबरवण्यासाठी आकडा वापरायची सवय लागली, की आपल्या पक्षातली विधानंही आपण तितक्याच सैलपणे लिहू लागतो.

लंडनचं पुढे काय झालं? १९९६ मध्ये तिथे नवी यंत्रणा आली आणि ती टिकली. या वेळी एकदम सगळं आणलं नाही. आधी नियंत्रण कक्षातल्या लोकांबरोबर बसून पडद्यांचे नमुने केले, त्यांना वापरायला दिले, बदलले. पहिल्या टप्प्यात फोन घेणं, पत्ता शोधणं आणि तो पुढे पाठवणं एवढंच. कोणती गाडी पाठवायची हा निर्णय माणसाकडे ठेवला. तीच सेवा, तेच शहर, तेच बरेचसे कर्मचारी. १९९७ मध्ये या कामाला ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचा पुरस्कार मिळाला.

या सभागृहात माझ्या व्यवसायातले लोक थोडे आहेत आणि बँकेत, रुग्णालयात, नगरपालिकेत, शाळेच्या कार्यालयात काम करणारे पुष्कळ. म्हणून माझी विनंती तुम्हाला आहे. आज ना उद्या तुमच्याकडे कुणीतरी लॅपटॉप घेऊन येईल आणि ‘तुमची प्रोसेस सांगा’ म्हणेल. त्याला साहेबांच्या केबिनमधून बाहेर काढा आणि गर्दीच्या दिवशी, एक तारखेला, आपल्या शेजारी खुर्ची देऊन बसवा. पेपरवेटखाली काय ठेवता तेही त्याला दाखवा. आणि महिन्याभराने तो मसुदा सहीसाठी घेऊन आला, की आधी गृहीतकांचं पान उघडा. तिथे तुमच्या कामाबद्दल जे लिहिलंय ते खरं नसेल, किंवा ते पानच नसेल, तर सही करू नका.